दोन ड्रम पाणी आणि पंचवीस दिवस

पत्र

काका, मी औसा तालुक्यातली, वय २६. गोव्यात नोकरी करते आणि तीन वर्षांपासून सुट्टीच्या दिवशी शिडाची बोट चालवायला शिकते आहे. गोवा ते मुंबई किनाऱ्याकिनाऱ्यानं दोनदा जाऊन आले. आता ४५ फुटी बोटीवर मला जागा मिळते आहे. एप्रिलच्या मध्यात गोव्याहून निघायचं, मध्ये कुठंही न थांबता मॉरिशस. कप्तान धरून पाच जण, त्यात मी एकटी मुलगी. शीड, दोर, नकाशा हे जमेल. पण एवढ्याशा जागेत पंचवीस दिवस राहायचं कसं? पाणी, झोप, जेवण, आंघोळ, चार परके पुरुष? आई एकच विचारते, "रोज फोन करशील ना?" आजोबा म्हणतात, आपल्या सात पिढ्यांत कुणी समुद्रात गेलं नाही. यांना काय सांगू?

उत्तर

लेकी,

तुझ्या पत्रात वादळाबद्दल एकही प्रश्न नाही, सगळे प्रश्न राहण्याचे आहेत. हे वाचून मला बरं वाटलं. लांबच्या सफरीत वादळ आलं तर दोन-चार दिवसांचं असतं. राहणं मात्र पंचवीसही दिवस असतं, आणि माणसं थकतात ती तिथंच.

मी नौदलात एकवीस वर्षं काढली, ती मोठ्या जहाजांवर. निवृत्तीनंतर दोनदा शिडाच्या बोटीनं हिंदी महासागर ओलांडला. बांधावर उभं राहून नांगरट बघणं आणि स्वतः नांगर धरणं यात जेवढा फरक, तेवढा फरक त्या दोन्हीत आहे. खाली लिहितो ते नांगर धरल्यानंतरचं.

आधी पाणी, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

तुझ्या बोटीची टाकी केवढी ते तू लिहिलं नाहीस. ४०० लिटर धरू. आपल्याकडे दारासमोर निळे ड्रम असतात, २०० लिटरचे, तसे दोन. माणशी दिवसाला तीन लिटर, पिणं आणि रांधणं मिळून. पाच त्रिक पंधरा, पंधरा लिटर रोज, पंचवीस दिवसांचे झाले ३७५. उरले पंचवीस लिटर. त्यात भांडी, दात, तोंड, आणि वारा पडून सफर लांबली तर तेवढे दिवसही. बोटीवर समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र असेल, हल्ली बहुतेकांकडे असतं. तरी हिशेब ते यंत्र नाहीच असं धरून कर. त्याला वीज लागते, त्याची गाळणी तुंबते, आणि ते बिघडतं तेव्हा दुरुस्तीवाला दीड हजार मैलांवर असतो.

माझ्या पहिल्या सफरीतली अकरावी रात्र सांगतो. पहारा संपवून मी खाली आलो, बूट काढले, तर पायाखालच्या फळीतून टक-टक-टक आवाज. नळ उघडला की पाण्याचा पंप चालू होतो, बंद केला की थांबतो. नळ सगळे बंद होते आणि पंप चालूच होता. फळी उचलून बॅटरी मारली. बोटीच्या तळाशी पाणी हिंदकळत होतं, वर डिझेलचा तवंग. हाताचं एक बोट बुडवून जिभेला लावलं. खारट लागलं असतं तर समुद्र आत शिरतोय असा त्याचा अर्थ होता. गोडं लागलं. क्षणभर हायसं वाटलं आणि लगेच पोटात गोळा आला, कारण ते आमचंच प्यायचं पाणी होतं. नळीची एक क्लिप सुटली होती. निघण्याआधी ज्यांनी बोट तपासून दिली त्यांनी "सगळं ओके आहे" म्हणून सही केली होती, आणि आम्ही कुणी ती क्लिप हातानं ओढून पाहिली नव्हती. १३० लिटर पाणी एका रात्रीत गेलं.

त्या रात्रीपासून कप्तानानं पंपाचा खटका बंद ठेवला. पाणी पायाच्या पंपानं काढायचं, आणि रोज संध्याकाळी टाकीत काठी घालून किती उरलं ते वहीत लिहायचं. काठीचं काम मी मागून घेतलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा तू शाळेत असशील. त्या उन्हाळ्यात तुमच्या घरी कोणत्या घागरीत किती आहे हे न बघता सांगता येत असेल. तांदूळ धुतलेलं पाणी कशाला, भांडी विसळलेलं कशाला, हे कुणी शिकवावं लागलं नसेल. बोटीवर नेमकं हेच लागतं. पुण्या-मुंबईची चांगली शिकलेली माणसं नळ उघडा ठेवून दात घासताना मी पाहिली आहेत. त्यांना ते कळायला आठवडा लागतो. पाण्याची वही तू तुझ्याकडे मागून घे.

निघण्याआधी तीन गोष्टी स्वतः पाहा. टाक्या एकीऐवजी दोन आहेत का आणि त्यांच्यामधला व्हॉल्व्ह बंद होतो का. टाकीशी संबंध नसलेले पाण्याचे कॅन वेगळे बांधून ठेवलेत का. निदान ६० लिटर हवेत. आणि प्रत्येक नळीची प्रत्येक क्लिप.

आंघोळ समुद्राच्या पाण्यानं. आपल्या बोअरच्या जड पाण्यात साबण फेसाळत नाही, समुद्रात तर त्याहून नाही. शाम्पू किंवा भांड्यांचं पातळ साबण मात्र फेस देतं. बादली दोरीनं शेंदायची, पण बोट चालू असताना दोर हाताला गुंडाळू नकोस, बादली भरली की जबर झटका बसतो. शेवटी एक तांब्या गोडं पाणी अंगावरून घ्यायचंच, नाहीतर ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. मीठ अंगावर राहिलं की कमरेला, मांड्यांना फोड येतात आणि ते बसूही देत नाहीत. कपड्यांचंही तेच. मिठानं हवेतली ओल धरली की कपडा पुन्हा सुकत नाही. झोपायचे दोन जोड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेव आणि पहाऱ्याच्या कपड्यांत कधीही अंथरुणावर पडू नकोस.

बोट लागेल. लागतेच, नौदलातल्यांनाही लागते. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत शरीर जुळवून घेतं. गोळी डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीपासून सुरू कर, उलट्या सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. काहींना त्या गोळीनं फार झोप येते, म्हणून घरी एकदा घेऊन बघ. बाहेर बस, क्षितिजाकडे बघ, जमलं तर सुकाणू हातात घे. मीठ-साखर-लिंबाचं पाणी घोट घोट चालू ठेव. उलटीपेक्षा अंगातलं पाणी कमी होणं वाईट.

आता झोप. आमच्याकडे तीन-तीन तासांचे पहारे होते. रात्री बारा ते तीन उभं राहायचं, झोपायचं, सकाळी पुन्हा. पहिले चार दिवस डोकं जड राहतं, मग शरीर तुकड्यातुकड्यांत झोपायला शिकतं. दिवसा जागं राहावंसं वाटतं, कारण सगळं नवं असतं. त्या मोहात पडू नकोस. पहारा नसला की आडवं हो, डोळा लागो न लागो. बोट कललेली असते, म्हणून अंथरुणाच्या कडेला कापडाची आडझोळ बांधतात, ती नीट बांधली आहे का ते बघ. आतला आवाज पहिल्यांदा भीती घालतो. समुद्राचं पाणी आणि तुझे कान यांच्यामध्ये बोटीची पातळ भिंत तेवढी असते. चार दिवसांनी त्याच आवाजात तू झोपशील आणि आवाज बदलला की जागी होशील.

पहारा बदलायच्या वेळेआधी दहा मिनिटं, कपडे-जॅकेट-पट्टा चढवून, वर हजर राहा. आमच्यातला एक जण रोज पाच मिनिटं उशिरा यायचा. भला माणूस, कामाला वाघ. पण विसाव्या दिवशी त्या पाच मिनिटांवरून मी त्याच्याशी बोलणं सोडलं, एवढं मन तिथं पातळ होतं. दुसऱ्याची झोप खाल्ली तर तो विसरत नाही.

आणि तो पट्टा, माणसाला बोटीशी अडकवून ठेवणारा. रात्री, एकटी असताना, आणि वारा वाढल्यावर, जिन्यातून डोकं बाहेर काढण्याआधी पट्ट्याचा हूक बाहेरच्या कडीत अडकव आणि मग पाय बाहेर टाक. यात मी एकाही माणसाचं, कप्तानाचंसुद्धा, वेगळं मत ऐकून घेत नाही. रात्री पाण्यात पडलेलं माणूस बोटीवरून दिसत नाही. दर दहा मिनिटांनी उभं राहून चारी दिशा बघायच्या. मोठ्या जहाजाचा दिवा क्षितिजावर दिसल्यापासून ते अंगावर यायला पंधरा-वीस मिनिटंसुद्धा पुरतात, आणि त्यांच्या सुकाणूघरातून तुमची बोट दिसेलच असं नाही.

पण त्याच पहाऱ्यात एक रात्र अशी येईल की तू खाली झोपायला जाणार नाहीस. वारा मागून असेल, बोटीच्या मागं पाणी निळं-हिरवं चमकत असेल, आणि आभाळ माळवदावर अंथरूण टाकल्यावर लहानपणी दिसायचं तसं, चंद्र नसलेल्या वैशाखातलं. ध्रुवाकडे लक्ष ठेव. औशातून तो क्षितिजापासून साधारण १८ अंशांवर दिसतो. दर ६० सागरी मैल दक्षिणेला गेलीस की तो एक अंश खाली येतो आणि विषुववृत्ताजवळ धूसर हवेत बुडून जातो. मी तो शोधत बसलो होतो आणि एका रात्री तो नव्हता. घर किती लांब राहिलं हे मला कुठल्याही यंत्राच्या आकड्यापेक्षा त्या रात्री जास्त कळलं. सकाळी डेकवर उडते मासे पडलेले सापडतील, ते पहाऱ्यावरच्या माणसाचे.

जेवणाची तुला काळजी वाटायला नको, आपल्याकडचं अर्धं स्वयंपाकघर प्रवासासाठीच बनलेलं आहे. पहिल्या तीन दिवसांना दशम्या आणि धपाटे, कारण तेव्हा कुणी चुलीपाशी उभं राहू शकत नाही. मग कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, खारोड्या, मेतकूट. पहाऱ्यावर खिशात गूळ-शेंगदाणे. कांदे, बटाटे, कोबी, भोपळा, लिंबं फ्रिजविना टिकतात, फक्त आठवड्यातून दोनदा एकेक हातात घेऊन सडका बाजूला काढावा लागतो. आणि येसर. आईला सांग, येसर जास्त भाजून दे. उधाणलेल्या समुद्रात उकळत्या पाण्यात दोन चमचे येसर, मीठ, तेलाची धार, पाच मिनिटांत आमटी. आमच्या बोटीवर एक केरळचा आणि एक गुजरातचा गडी होता. शेवटच्या आठवड्यात दोघंही येसरच मागायचे.

बोटीवरची शेगडी बोटीबरोबर कलत नाही, ती झोक्यासारखी सरळ राहते. तरी भाजण्याच्या जखमा वादळातल्या जखमांपेक्षा जास्त होतात. दक्षिण गोलार्धात आठ-दहा अंशांच्या खाली गेलात की आग्नेयेचा वारा लागेल आणि बोट आठवडाभर उजव्या अंगावर कललेली राहील. त्या आठवड्यात काहीही उकळताना पावसाची जाड पँट घालून उभी राहा, उघड्या पायांनी नको. चहा ओतताना कप हातात धरायचा नाही, तो भांडी धुवायच्या खोलगटात ठेवून ओतायचा, तोही अर्धा. शेगडीपुढच्या दांड्याला कंबरपट्टा असतो तो लाव. कुकरचं झाकण घट्ट बसतं म्हणून भात सांडत नाही, त्यासाठी कुकर पातेल्याहून बरा.

चार पुरुष आणि तू. इथं मी थोडा कडक बोलतो, वाईट वाटून घेऊ नकोस. या कप्तानाबरोबर याआधी लांब गेलेल्या एखाद्या बाईशी बोलल्याशिवाय होकार देऊ नकोस. असा नंबर द्यायला तो का-कू करत असेल तर सफर कितीही चांगली असो, सोड. पाचही जणांनी आधी तीन-चार दिवस, रात्रीचे पहारे धरून, किनाऱ्यापासून लांब एकत्र जाऊन या. माणूस तिसऱ्या रात्री पहाटे तीन वाजता कसा बोलतो ते बघायचं असतं, गोव्याच्या हॉटेलात तो कसा बोलतो यावरून काही कळत नाही. झोपायची जागा पडदा किंवा दार असलेली, संडासाला आतून कडी. पासपोर्टची प्रत घरी. मॉरिशसहून परतीचं तिकीट कोण काढणार हे लेखी.

आणखी एक, जे कुणी मुद्दाम करत नाही तरी होतं. स्वयंपाक हळूहळू तुझ्याकडे सरकेल. "तुझ्या हातची आमटी काय होते गं!" म्हणत म्हणत दहाव्या दिवसापर्यंत तू चुलीपाशी आणि ते सुकाणूपाशी असं होईल. म्हणून रांधायची, भांड्यांची, संडास धुवायची पाळी निघण्याआधी कागदावर लिहून भिंतीला चिकटव, आणि शिडाचं काम तुझ्या पाळीला आलं की मागं सरू नकोस.

मासिक पाळीचंही सांगतो, बापाच्या वयाचा आहे म्हणून. हिशेबापेक्षा दीडपट पॅड घे, घट्ट बंद होणाऱ्या पिशव्यांत. बोटीचा संडास समुद्राच्या पाण्यावर हातपंपानं चालतो आणि त्यात जाडा कागदसुद्धा अडकतो. अडकला की पाच माणसांचा संडास बंद, आणि तो उघडून साफ करणं हे बोटीवरचं सगळ्यात वाईट काम. गोळ्या घेऊन पाळी पुढं ढकलायची असेल तर दोन महिने आधी डॉक्टरीणबाईंना विचार.

विषुववृत्ताच्या आसपास वारा पडेल. दोन दिवस, कधी पाच दिवस. शिडं नुसती फडफडतात, बोट जागच्या जागी डुलते, उकाडा असा की फळीला हात लागत नाही. डिझेल मोजकंच, त्यामुळं इंजिन सतत लावता येत नाही. मध्येच काळा ढग येतो, पंधरा मिनिटं वारा-पाऊस झोडपतो आणि जातो. तो ढग लांब असतानाच शीड कमी करायचं, आणि पाऊस आला की ताडपत्री ताणून पाणी धरायचं. पहिलं पाणी वाहून जाऊ दे, त्यात शिडावरचं, ताडपत्रीवरचं मीठ उतरतं. या दिवसांत भांडणं होतात. आमच्या कप्तानानं निघतानाच एक नेम घालून दिला होता: संध्याकाळी पाच वाजता पाचही जणांनी वर येऊन एकत्र चहा प्यायचा. झोपलेल्यानंही. टोचलेलं तिथंच बोलायचं. मी त्या पाच मिनिटांबद्दल तिथं बोललो नाही, ही माझी चूक. बोललो असतो तर तो माणूस दुसऱ्या दिवसापासून वेळेवर आला असता, इतका साधा होता.

तारखेबद्दल एक. गोवा ते पोर्ट लुई अंदाजे अडीच हजार सागरी मैल, म्हणजे साडेचार हजार किलोमीटरच्या वर. बोट ताशी नऊ-दहा किलोमीटरनं जाते, सायकलहून हळू, पण रात्रंदिवस. मॉरिशसच्या बाजूला चक्रीवादळांचा हंगाम साधारण नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत असतो. इकडे केरळात मोसमी पाऊस १ जूनच्या आसपास येतो, आणि त्याआधी मे महिन्यात अरबी समुद्रातही वादळं उठतात. तुमचा कप्तान या दोहोंमधल्या फटीतून निघतोय, ते शहाणपणाचं आहे. पण सुटा भाग आला नाही, कागद आले नाहीत, असं होत तारीख मेच्या पहिल्या पंधरवड्यापुढं गेली तर तू उतर. बाकीचे गेले तरी.

बोटीवर जीवरक्षक तराफा आहे का आणि त्याची तपासणी शेवटची कधी झाली, ते त्यावर छापलेलं असतं. संकटात उपग्रहाला खबर देणारा बीकन आहे का आणि त्याची नोंदणी झाली आहे का. या दोन प्रश्नांना "बघू नंतर" असं उत्तर चालत नाही. हे मी तुला भिववायला सांगत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत असताना नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी यांची बोट दक्षिण हिंदी महासागरात उलथली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार लागला. ते हलू शकत नव्हते. तिसऱ्या दिवशी मासेमारीवर गस्त घालणाऱ्या एका फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. तुमचा मार्ग त्याच्या फार उत्तरेला आणि पुष्कळ सौम्य आहे. तरी मदत तासांत येत नाही, दिवसांत येते, एवढं मनाशी धरून सामान भर. तेच टॉमी २०२२ ला त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले, हेही आईला सांग. पण नंतर, आधी नको.

आता आई.

तिला रोजचा फोन कबूल करू नकोस. उपग्रहाच्या यंत्रावरून चार ओळींचा निरोप जातो, पण यंत्र भिजतं, बॅटरी उतरते, कधी संपर्कच लागत नाही. रोज कबूल केलंस आणि एक दिवस चुकला की ती रात्रभर बसेल. हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे. केज तालुक्यात आमचं गाव. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन जायचे ते पाडव्याच्या आगेमागे परत यायचे, आणि आम्ही भावंडं आजीपाशी. तेव्हा फोन नव्हते. आजीनं वाट बघायचा एकच दिवस ठरवला होता, मंगळवार, आठवडी बाजाराचा. कारखान्याकडून कुणी ना कुणी बाजाराला यायचं आणि निरोप सांगायचं: दोघं बरे आहेत, बैलाचा पाय दुखावलाय. बाकीचे सहा दिवस आजी वाट बघायची नाही, आम्हालाही बघू द्यायची नाही. विचारलं की म्हणायची, "आज कुठं मंगळवार हाय?" एखादा मंगळवार कोरडा गेला तर "पुढच्या मंगळवारी दोन निरोप येतील." मोठेपणी मला कळलं की तिनं आम्हाला सहा दिवस खेळायला मोकळं सोडलं होतं.

तुझ्या आईला असे आठवड्यातले दोन वार दे. बुधवार आणि रविवार, संध्याकाळी, आणि निरोप रात्रीपर्यंत आला तरी चालेल असं आधीच सांगून. दोन वार सलग कोरडे गेले तर कुणाला फोन करायचा तो नंबरही दे. कप्तानाचा किनाऱ्यावरचा एक माणूस ठरलेला असतो, त्याच्याशी आईचं निघण्याआधी एकदा बोलणं करून दे, म्हणजे त्याचा आवाज ओळखीचा होईल. "निरोप नाही म्हणजे यंत्र बिघडलं," हे वाक्य तिच्याकडून दोन-चारदा म्हणवून घे. पोहोचायची तारीख मात्र सांगू नकोस. "मे महिन्यात" एवढंच.

भिंतीवर हिंदी महासागराचा नकाशा लाव. निरोपात तू अक्षांश-रेखांश पाठव, आणि खूण आजोबांना करू दे. त्यांनाही काम मिळेल.

आजोबांच्या सात पिढ्यांबद्दल त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांना अजिंठ्याला घेऊन जा. दोन नंबरच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं गलबत रंगवलेलं आहे, शिडं लावलेलं, आणि त्यावर रांगेनं घडे मांडलेले. दीड हजार वर्षांपूर्वी ज्यानं ते रंगवलं त्यानं गलबत चांगलं पाहिलेलं होतं. आणि तेर तर तुमच्यापासून जवळच. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तिकेत पैठणचं आणि तगरचं, म्हणजे तेरचं, नाव आहे. इथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचा असं त्यात लिहिलंय. आपल्या सात पिढ्यांच्या मागंही पिढ्या होत्या, आणि त्यांना समुद्र माहीत होता. आजोबांनी मुलीचं काढलं तर तारिणीचं सांग. नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये ५६ फुटी तारिणीवरून पृथ्वीला वळसा घालून आल्या. मग २०२४ च्या २ ऑक्टोबरला दिलना आणि रूपा या दोघीच त्याच बोटीवर गोव्याहून निघाल्या आणि २०२५ च्या मे अखेरीस गोव्यालाच परतल्या. दोघीच, आठ महिने.

आणि निघायच्या आधल्या आठवड्यात आईला गोव्याला बोलावून घे. हे टाळू नकोस. बोट धक्क्याला बांधलेली असताना तिला आत उतरव, तुझ्या अंथरुणावर आडवं होऊ दे, शेगडी हलवून बघू दे, पट्टा तुझ्या अंगावर चढवून हूक स्वतः लावू दे. माझी माय मुंबईला आली होती. बोटीवर चढताना घाबरली, माझ्या खांद्याला धरून उतरली. खाली जाऊन तिनं इकडंतिकडं बघितलं, कप्तानाला काही विचारलं नाही, समुद्राबद्दल काही बोलली नाही. फळीखालची टाकी दाखव म्हणाली. मी फळी उचलली. वाकून तिनं टाकीवर बोटांनी टकटक केलं, वरून खाली, आवाज कुठं बदलतो ते ऐकत, जसं ती घरच्या ड्रमवर करायची. मग म्हणाली, "आजून चार बोटं बसंल. भरून घे."